जिन्यात थांबून मोबाईल बघणारा माणूस

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.
आम्ही चिंचवडला राहतो. मिस्टर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत, वय ४४. सकाळी साडेआठची जनरल शिफ्ट, पण रात्री आठच्या आत कधी सुटत नाहीत. सोमवार ते शनिवार हेच. रविवारी लाइन बंद असते म्हणून मोठी कामं रविवारीच काढतात, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार तिथेच. शिवाय रात्री दोनला, तीनला फोन येतो, 'सर, मशीन बंद पडलं, काय करू?' हे स्टाफमध्ये, म्हणजे ओव्हरटाइमही नाही. मी बोलले की म्हणतात, 'कामाने कुणी मरत नाही, माणसं बसून मरतात. मी दिवसभर कारखान्यात शॉपवर चालतोच की.' कंपनीचं वार्षिक चेकअप झालं, ईसीजी, बीपी सगळं नॉर्मल. पित्ताची गोळी मात्र रोज लागते. हल्ली दाढही दुखते म्हणतात. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट सारखी बंद. आधी तिसऱ्या मजल्यावर थांबून मोबाईल बघत बसायचे, आता दुसऱ्यावरच थांबतात. घरी आल्या आल्या मी कटकट करीन म्हणून असेल. सासरे ५२व्या वर्षी झोपेतच गेले. जास्त कामाने खरंच हार्टला त्रास होतो का, की मी उगाच घाबरते? आणि होत असेल तर यांना सांगायचं कसं?
– एक वाचक, चिंचवड

ताई,

तुम्ही विचारलंत कामाच्या तासांबद्दल, पण मी अडकलो जिन्यात. पत्र आलं त्याच संध्याकाळी तुम्हाला दोन ओळी कळवल्या होत्या: उद्याची वाट बघू नका, आजच्या आज हॉस्पिटलात हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, आणि तिथे जिन्याचं आणि दाढेचं तुम्ही सांगा, ते सांगणार नाहीत. तुम्ही लगेच गेलात, फार बरं केलंत. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून तुमचा निरोप आला, 'ठेवून घेतलंय, उद्या अ‍ॅन्जिओग्राफी. हे बेडवरून लॅपटॉप मागतायत, देऊ का?' आणि परवाचा निरोप असा की हृदयाच्या पुढच्या बाजूच्या रक्तनळीत मोठा अडथळा होता, झटका यायच्या आत सापडला, नळी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, बसला, तीन दिवसांनी घरी आले आणि आता सोमवारपासून कामावर जातो म्हणतात. म्हणजे तुमचे मूळ दोन्ही प्रश्न अजून तसेच आहेत. तुमच्या परवानगीने सविस्तर उत्तर इथे देतो.

आधी जिन्याबद्दल, कारण असे जिने घरोघरी आहेत. चढताना छाती आवळल्यासारखी होते, जड वाटतं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ येते, आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत सगळं जातं. हे हृदयाला रक्त कमी पडत असल्याचं लक्षण. पित्ताला मजले मोजता येत नाहीत. जेवणानंतर होतं, आडवं झाल्यावर होतं, ते पित्त असू शकेल. जे दर वेळी ठरावीक जिना चढल्यावरच होतं ते पित्त नव्हे. दाढही अशीच. किडलेली दाढ थंड पाण्याने ठणकेल, चालल्याने नाही. आणि आधी तिसरा मजला, मग दुसरा, म्हणजे कमी श्रमात त्रास व्हायला लागला. तसं झालं की पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घ्यायची नसते, त्याच दिवशी जायचं असतं. मोबाईलचं म्हणाल तर चव्वेचाळिसाव्या वर्षी चार मजले एका दमात चढवत नाहीत हे बायकोला काय, स्वतःलाही कुणी सांगत नाही. खिशातून फोन काढून बघत उभं राहिलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, व्हॉट्सअ‍ॅप बघतोय. तुमच्या कटकटीचा यात काही संबंध नव्हता, ते मनातून काढून टाका.

चेकअप नॉर्मल कसं आलं, असं तुम्ही फोनवर थोडं रागानेच विचारलंत. ईसीजी पलंगावर निवांत झोपवून काढतात. झोपलेल्या माणसाच्या हृदयाला जेवढं रक्त लागतं तेवढं अरुंद नळीतूनही पोचतं, म्हणून आलेख नॉर्मल. श्रमाखाली काय होतं ते बघायला ट्रेडमिल टेस्ट, नळी किती अरुंद झालीय ते बघायला सीटी अ‍ॅन्जिओग्राफी अशा तपासण्या असतात, आणि त्या कुणाला करायच्या हे लक्षणांवरून ठरतं. लक्षणं सांगितलीच नाहीत तर शिबिरातला डॉक्टर तरी काय करणार? मी स्वतः वीस वर्षं कंपनीचा डॉक्टर होतो, एका तासात साठ कामगारांचे कागद मीही सह्या करून मोकळे केलेत. डिस्पॅचमधला एक जण लागोपाठ तीन दिवस माझ्याकडे पित्ताची गोळी मागायला आला. मार्च महिना, गाड्या भरायची घाई, तो दोन-दोन पाळ्या करत होता. मी तीनही दिवस गोळी दिली. चौथ्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून आणलं. वाचला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. पुढे स्टोअरमध्ये बसून काम करायचा. मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की हे नेमकं कधी होतं, पेट्या उचलताना की जेवल्यावर. तेव्हापासून गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी जिन्याचं विचारतो.

आता तासांचं. हिशोब करू. साडेआठ ते आठ म्हणजे साडेअकरा तास, जेवणाचा अर्धा तास वजा केला तर अकरा. सहा दिवसांचे ६६. रविवार यात धरलेले नाहीत, रात्रीचे फोनही नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांशी तुलना करता ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या नळ्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा लांबलेल्या तासांमुळे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात पुरुष जास्त.

१७ टक्के ऐकून लोक दोन टोकांना जातात. कुणी हबकतो, कुणी म्हणतो एवढंच होय. त्याचा अर्थ असा, की एखाद्या गटात एरवी शंभरातले सहा जण या आजाराने गेले असते तर तिथे सात जातील. एकट्या माणसाला हे फार वाटत नाही. पण ज्याचे वडील ५२व्या वर्षी गेले, त्याची सुरुवातच शंभरात सहापासून होत नाही, आणि वाढ होते ती त्या मोठ्या आकड्यावर. त्यातून आपण दक्षिण आशियाई. ५२ देशांतल्या रुग्णांचा इंटरहार्ट नावाचा अभ्यास २००४ मध्ये आला होता. त्यात आपल्याकडच्यांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येत होता, बाकीच्या जगात ५९च्या आसपास. तुमच्या मिस्टरांनी घरातून आलेला धोका आणि कंपनीतून आणलेला धोका एकावर एक रचला. नुसत्या कामाने नळी बंद झाली असं मी म्हणणार नाही, पण काम त्यात नव्हतंच, असं म्हणणारा डॉक्टर मला भेटला तर मी त्याला तुमच्या घरचं एका आठवड्याचं वेळापत्रक दाखवीन.

'कामाने कुणी मरत नाही' हे वाक्य जपानमध्ये म्हणता येणार नाही. तिथे त्यासाठी स्वतंत्र शब्दच आहे, 'करोशी', अतिकामाने आलेला मृत्यू. पहिली नोंद १९६९ची, एका वृत्तपत्राच्या पाठवणी विभागातला २९ वर्षांचा कर्मचारी पक्षाघाताने गेला. आता तिथलं सरकार भरपाईच्या अशा दाव्यांसाठी तास मोजतं: आठवड्याच्या ४० तासांवर झालेलं जादा काम आजारापूर्वीच्या महिन्यात १०० तासांच्या पुढे, किंवा दोन ते सहा महिन्यांच्या सरासरीने महिन्याला ८०च्या पुढे गेलं असेल, तर कामाचा आणि आजाराचा संबंध दाट मानतात. तुमच्या मिस्टरांचे आठवड्याला २६ जादा, चार आठवड्यांचे १०४. जपानी रेषेच्या पलीकडे, तेही रविवार न मोजता.

हे होतं कसं? शरीरात दिवसाचा आणि रात्रीचा रक्तदाब वेगळा असतो. नीट झोप लागली की तो १० ते २० टक्क्यांनी उतरतो. रक्तवाहिन्यांना मिळणारी खरी सुट्टी ती एवढीच. आता दोन वाजता फोन वाजला. झोपेतून उठताक्षणी अ‍ॅड्रेनलिन उसळतं, नाडी धावते, दाब चढतो. फोन चार मिनिटांचा, पण पुढचा तासभर ते छताकडे बघत पडलेले, सेन्सर उडाला असेल की व्हॉल्व्ह अडकला असेल. उतरलेला दाब पुन्हा नीट उतरत नाही. मला विचाराल तर संध्याकाळच्या तीन तासांपेक्षा हा फोन वाईट. आणि ज्या रात्री फोन येत नाही त्या रात्रीही ते अर्धे जागेच असतात, तुम्ही बघितलं असेल. असं महिनोन्महिने चाललं की दाब रात्रीही चढाच राहतो, ताणाच्या संप्रेरकांमुळे साखर आणि पोटाची चरबी वाढते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, आणि नळीच्या आतल्या अस्तरावर चरबीचे थर बसत जातात. त्यातला एखादा थर फुटून त्यावर गुठळी धरली की झटका.

दवाखान्यात बीपी ठीक येतं, त्यातही एक गोम आहे. काहींचा दाब कामाच्या वेळात चढलेला असतो आणि डॉक्टरसमोर खुर्चीत बसले की उतरतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये साडेतीन हजारांवर कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा दाब कामाच्या दिवशी यंत्र लावून मोजला, तेव्हा आठवड्याला ४९ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत असा लपलेला रक्तदाब बराच जास्त निघाला. म्हणून घरी दंडावर बांधायचं मशीन घ्या. सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. सरासरी १३५/८५ किंवा वर गेली तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

बाकी गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत. उशिरा थांबलं की सहा वाजता वडापाव, साखरेचा चौथा-पाचवा चहा, दहा वाजता जेवण आणि लगेच आडवं. सिगारेटचं तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत, नंतर कळवलंत, 'दोनच, टपरीवर, टीमबरोबर.' दोनच म्हणून हृदयाला सूट मिळत नाही. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याचाही हृदयविकाराचा जादा धोका हा वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. स्टेंटनंतर शून्य, दुसरा आकडा नाही.

'माणसं बसून मरतात' यात मात्र त्यांचं अर्धं बरोबर आहे, ते त्यांना जरूर सांगा, खूश होतील. १९५३ मध्ये लंडनच्या डबलडेकर बसगाड्यांवर एक गाजलेला अभ्यास झाला. दिवसभर बसलेल्या ड्रायव्हरांमध्ये हृदयविकार जास्त, दिवसभर वर-खाली जिने चढणाऱ्या कंडक्टरांमध्ये कमी. पण त्यानंतर डेन्मार्कमध्ये जे काम झालं त्यात दिसलं, की फावल्या वेळात केलेला व्यायाम हृदयाला जपतो, कामावरचे श्रम तसं जपत नाहीत, उलट कधी कधी जाचतात. कारण कामावर आपण दमलो म्हणून थांबता येत नाही. ब्रेकडाऊनच्या वेळी शॉपच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणं आणि संध्याकाळी बागेत अर्धा तास चालणं, दोन्हीत पावलं तेवढीच पडली तरी नाडीला फरक कळतो.

आता सोमवारचं. कधी जायचं ते त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. कसं जायचं, त्याबद्दल कंपनीतला जुना डॉक्टर म्हणून चार गोष्टी सांगतो.

कंपनीत तोंडी सांगितलेलं हवेत जातं, कागद फाइलला लागतो. डिस्चार्ज कार्डाबरोबर हृदयरोगतज्ज्ञांकडून स्पष्ट लिहून घ्या: अमुक महिने जनरल शिफ्टच, जादा तास नाहीत, रात्रीचे फोन नाहीत, रविवार नाही. 'हलकं काम द्यावं' एवढंच लिहिलं तर त्याचा अर्थ मॅनेजर आपल्या सोयीने लावतो. हा कागद मॅनेजरांनाही हवाच असतो, वरच्यांना दाखवायला.

मोटरसायकल घरी ठेवा. हे गमतीने नाही सांगत. कंपनीची बस सव्वापाचला सुटते असं तुम्ही म्हणालात, आणि हे रोज मोटरसायकलने जातात ते 'उशीर होतो' म्हणून. खरं उलट आहे, मोटरसायकल आहे म्हणून उशीर होतो. बसने गेलेल्या माणसाला सव्वापाचला उठावंच लागतं आणि कुणी काही बोलत नाही, कारण बस चुकली तर चाकणहून घरी कसं जायचं हे सगळ्यांना कळतं. चाकणच्या रस्त्यावर त्या ट्रॅफिकमध्ये हँडल धरून तासभर घुसमटणंही वाचेल.

रात्रीच्या फोनला पाळी लावता येते. तीन इंजिनियर आहेत ना, आठवडा-आठवडा वाटून घ्यायचा. पण फोन करणारी पोरं यांनाच करतात, कारण निर्णय चुकला तर सकाळी शिव्या खाव्या लागतील ही भीती. तर घरी बसले आहेत तोवर त्यांना एक काम द्या, नाहीतरी नुसतं बसवणार नाहीच. वर्षभरात रात्री ज्यासाठी फोन आले ते दहा-बारा ब्रेकडाऊन आठवून लिहून काढायचे: काय बघायचं, काय बदलायचं, कधी लाइन थांबवायची. साध्या मराठीत, एकेका पानावर. लॅमिनेट करून पॅनेलच्या दाराला आतून लावायचं. निम्मे फोन तिथेच थांबतील. हे त्यांच्या आवडीचं काम आहे, आणि यात 'काम कमी करा' हा शब्द कुठेच येत नाही.

तो शब्द टाळा, कारण सांगायचं कसं हा तुमचा दुसरा प्रश्न तिथेच अडतो. मेंटेनन्सच्या माणसाला शरीर म्हणजे यंत्र, त्यालाही सर्व्हिसिंग लागतं वगैरे सांगायला जाऊ नका. ते आरोग्य शिबिराच्या प्रत्येक बॅनरवर असतं आणि त्याने आजवर एकही माणूस वेळेवर घरी गेलेला मी पाहिलेला नाही. त्यांना काय बोचतं ते बघा. माझ्यावाचून लाइन थांबेल, ही त्यांची भीतीही आहे आणि अभिमानही. ते हॉस्पिटलात असताना लाइन चालली. हे टोमण्याने नका म्हणू, कामाचं विचारल्यासारखं विचारा: त्या तीन दिवसांत रात्रीचं कोणी बघितलं? नाव ते स्वतःच घेतील. मग त्या पोराला एकदा घरी चहाला बोलवा.

आणि पैशांचं. स्टाफला ओव्हरटाइम नाही, म्हणजे संध्याकाळचे तीन तास ते फुकट देतात, इन्क्रीमेंटच्या आशेवर. फ्लॅटचा हप्ता आहे हे मला कळतं; पण तो हप्ता त्या तीन तासांतून जात नाही, पगारातून जातो. गेल्या तीन वर्षांची इन्क्रीमेंट लेटर काढून वेळेवर घरी जाणाऱ्या सहकाऱ्याच्या लेटरशेजारी ठेवता आली तर बघा. बहुतेक ठिकाणी फरक हसू येईल इतका असतो. रविवारचं तर काय बोलावं. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ही सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा कुठे १० जून १८९०ला ती मिळाली. आपले स्टाफवाले ती परत देऊन येतात, वर मालकाला थँक्यू म्हणतात.

तास मोजायचे ते यापुढे जास्त काटेकोर, कारण क्वेबेकमध्येच आणखी एक अभ्यास झाला आहे. पहिल्या झटक्यानंतर कामावर परतलेल्यांमध्ये आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना त्रास उलटण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. तुमच्या मिस्टरांचा झटका टळला, नळी मात्र तीच आहे.

गोळ्या: रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत एक दिवसही चुकवायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. पित्ताची जुनी गोळी परस्पर सुरू करू नका, काही पित्तशामकांमुळे त्या दोनातल्या एकीचा गुण कमी होतो, तेव्हा पाकीट डॉक्टरांना दाखवा. दाढ खरोखर दुखायला लागली तर दंतवैद्याला आधी स्टेंटचं सांगा. चालायला किती आणि कधीपासून, तेही विचारूनच.

आणि बसल्या जागी छातीत दुखून पाच मिनिटांत थांबलं नाही किंवा घाम सुटला, तर सोडा, ईनो, शेजाऱ्यांचा सल्ला काही नाही. १०८ला फोन. मोटरसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती जिभेखालची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर द्यायची नाही, दाब एकदम कोसळू शकतो. आणि रात्री अ‍ॅन्जिओग्राफीची सोय चालू असणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आजच बघून फ्रिजवर लिहून ठेवा.

लॅपटॉपचं राहिलं. ब्रेकडाऊनची यादी वहीत लिहायला सांगा. लॅपटॉप कपाटात राहू दे, आणि चार्जर तुमच्या माहेरी.